रेप्लिका उभी आहे, पण चालते का?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. वरच्या अंगाला सातारा जिल्ह्यात कोयनेचा भूकंपप्रवण पट्टा आहे आणि ११ डिसेंबर १९६७ ची भूकंपाची पहाट तिकडे कोणी विसरलेलं नाही. अशा भागातल्या बँका, पतसंस्था आणि साखर कारखान्यांचे हिशेब आता सर्व्हरवर असतात. त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या गावी असावी, हे कोणाला पटवावं लागत नाही. ती प्रत कराडला ठेवली तर नदी तीच राहते, एवढंही बहुतेकांच्या लक्षात येतं. लक्षात येत नाही ते हे, की मूळ सर्व्हर मुद्दाम बंद करून ती प्रत कामाला लावून पाहिलेली नसेल, तर तिच्यावर विसंबता येत नाही.

समजा, वाळव्यातल्या एका शेतकऱ्याच्या खात्यावर उसाचं बिल जमा झालं. मूळ सर्व्हर, म्हणजे प्रायमरी, ही नोंद आधी आपल्या लॉगमध्ये लिहितो. तो लॉग दूरच्या रेप्लिकाकडे, म्हणजे त्या दुसऱ्या प्रतीकडे, जातो आणि तीच नोंद तिथे पुन्हा घडवली जाते. बहुतेक ठिकाणी प्रायमरी रेप्लिकाच्या पोचपावतीसाठी थांबत नाही, कारण थांबला तर काउंटरवरची रांग वाढते. म्हणून रेप्लिका कधी क्षणभर, कधी बरीच मागे असते. नेमक्या त्या अंतरात प्रायमरी बुडाला, तर शेतकऱ्याच्या मोबाइलवर पैसे जमा झाल्याचा संदेश असेल आणि खात्यात रक्कम नसेल. हे अंतर गर्दीच्या वेळी, ऊसबिलं एकदम जमा होतात त्या दिवशी, मोजायला हवं. एरवीच्या निवांत दुपारी मोजलेला आकडा फसवा असतो.

‘आम्ही रोज बॅकअप घेतो, मग हा खटाटोप कशाला?’ असं विचारलं जातं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत रेप्लिका मागे पडली होती. ती दुरुस्त करताना एका अभियंत्याने रेप्लिका समजून प्रायमरीचाच डेटा पुसला. नेहमीचा बॅकअप शोधला, तर सॉफ्टवेअरची आवृत्ती न जुळल्याने तो घेतलाच जात नव्हता, आणि तसं कळवणारे ईमेल परत फिरत होते. शेवटी सहा तासांपूर्वीची, सहज घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावलं. बॅकअप हवाच, कारण प्रायमरीवर चुकून पुसलेली नोंद रेप्लिकावरूनही पुसली जाते. पण तोही परत उतरवून पाहिल्याशिवाय खरा मानू नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: चालती बँक चाचणीसाठी बंद कशी करायची? धोका आहे, हे मान्यच करायला हवं. पण तो टाळणं महाग पडतं. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईत राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि पावणेचारला सुरू झाले. चेन्नईत पर्यायी केंद्र होतं, तरी व्यवहार तिकडे वळवले गेले नाहीत. पुढे २ मार्च २०२४ ला, शनिवारी, बाजाराने खास सत्र घेऊन त्या केंद्रावरून प्रत्यक्ष व्यवहार चालवले. एवढ्या मोठ्या बाजाराला जे जमतं, ते चार तालुक्यांत शाखा असलेल्या बँकेलाही दुसऱ्या किंवा चौथ्या शनिवारी जमण्यासारखं आहे.

त्या दिवशी प्रायमरीची तार खरोखर काढावी. मगच कळतं की शाखांतले संगणक अजून जुन्याच पत्त्यावर धडका देत आहेत, किंवा एटीएमची जोडणी नव्या सर्व्हरला ओळखत नाही. जुना प्रायमरी मध्येच जागा होऊन नोंदी घेऊ लागला, तर एकाच बँकेच्या दोन खतावण्या होतात, आणि त्या जुळवणं पुराचा चिखल उपसण्यापेक्षा अवघड. म्हणून त्याला आधी पक्का बाजूला करावा. दोन्हीकडच्या शिलका जुळवाव्यात आणि परत मूळ जागी येण्याचीही तालीम त्याच दिवशी घ्यावी. तो भाग बहुधा कोणी लिहूनच ठेवलेला नसतो. हे सारं मे महिन्यात उरकावं, म्हणजे सापडलेले दोष पावसाआधी दुरुस्त करायला हाताशी काही दिवस राहतात.