चौथ्या वर्षीचा लॅपटॉप

बारावीनंतरचा प्रवेश एकदा पक्का झाला की घरोघरी पुढचा विषय लॅपटॉपचा असतो. दुकानातले प्रश्न ठरलेले असतात: प्रोसेसर कोणता, पडदा किती इंची, वजन किती, बॅटरी किती तास चालते. हे सगळे प्रश्न खरेदीच्या दिवसाचे आहेत. विद्यार्थ्याला तो लॅपटॉप पहिल्या तासापासून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टपर्यंत, म्हणजे चार वर्षं तरी वापरायचा असतो. तेव्हा तुलना करायचीच तर ती चौथ्या वर्षी काय उरेल याची करावी, असं मला ठामपणे वाटतं. आज बाजारात आलेल्या लॅपटॉपवरून हे सिद्ध करता येणार नाही, कारण त्याची चार वर्षं अजून पुढे आहेत. म्हणून ज्याचं पुढे काय झालं ते आता सगळ्यांसमोर आहे असं एक उदाहरण घेऊ.

२ मे २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये मायक्रोसॉफ्टने ‘सरफेस लॅपटॉप’ जाहीर केला. कार्यक्रम शिक्षणावरचा होता आणि हा लॅपटॉप कॉलेजच्या मुलामुलींसाठी आहे, असं कंपनीने उघडपणे सांगितलं. किंमत ९९९ डॉलरपासून पुढे. तेवढ्याच पैशांत ॲपलचा मॅकबुक एअर मिळत होता, त्यामुळे रोख कुणावर आहे हे कुणाला विचारावं लागलं नाही. वस्तू खरोखर देखणी होती. वजन सव्वा किलो, रंग चार, आणि कीबोर्डभोवती अल्कांतारा नावाचं, महागड्या मोटारींच्या आसनांना लावतात ते मऊ इटालियन कृत्रिम कापड. त्याहून मोलाचा होता पडदा. बहुतेक लॅपटॉपचे पडदे सिनेमाच्या सोयीने आडवे पसरलेले असतात; याची रुंदी आणि उंची ३:२ या प्रमाणात होती. संदर्भग्रंथाचं पीडीएफ उघडलं की हा फरक लगेच कळतो. आडव्या पडद्यावर पानाचा वरचा अर्धा भाग दिसतो आणि आकृतीखालची ओळ वाचायला सतत खाली-वर करावं लागतं. उंच पडद्यावर आकृती आणि तिचं स्पष्टीकरण एकत्र दिसतं. त्यात या पडद्यावर उभे १५०४ ठिपके होते, मॅकबुक एअरवर फक्त ९००. वाचणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार करून केलेला तो पडदा होता आणि पहिल्या दिवशीच्या तुलनेत सरफेस सहज पुढे होता.

पण त्याच ९९९ डॉलरमध्ये रॅम किती मिळत होती हे पाहिलं की चित्र बदलतं. सरफेसमध्ये ४ जीबी, एअरमध्ये ८ जीबी. रॅम म्हणजे एका वेळी उघडलेली सगळी कामं धरून ठेवणारी जागा. ती कमी पडली की लॅपटॉप प्रत्येक क्लिकला अडखळतो. सरफेसमध्ये ८ जीबी हवी असेल तर साठवणही दुप्पट असलेलं १२९९ डॉलरचं मॉडेल घ्यावं लागे, म्हणजे ३०० डॉलर जास्त. दोन्हींत रॅम मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेली होती, मागाहून वाढवण्याची सोय नाही. म्हणजे पहिल्या दिवशी घेतली तेवढीच शेवटपर्यंत. २०१७ साली प्रवेश घेतलेला विद्यार्थी मार्च २०२० मध्ये तिसऱ्या वर्षाला होता. कॉलेजं बंद झाली आणि वर्ग व्हिडिओवर आला. एका बाजूला शिक्षकांचा व्हिडिओ, शेजारी ब्राउझरच्या दहा-बारा खिडक्या, खाली असाइनमेंटची फाइल. पडदा कितीही सुरेख असला तरी या कामाला ४ जीबी तोकडी पडणारच.

दुसरा मुद्दा सॉफ्टवेअरचा. सरफेससोबत ‘विंडोज १० एस’ येत होती आणि तिच्यावर फक्त मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या स्टोअरमधलेच प्रोग्रॅम चालत. सुरक्षितता आणि वेग यासाठी ही मर्यादा घातली, असं कंपनीचं म्हणणं होतं. शाळेतल्या लहान मुलांच्या स्वस्त लॅपटॉपला ते लागूही पडतं. कॉलेजात मात्र ते पहिल्याच आठवड्यात अडतं. त्या स्टोअरमध्ये गुगल क्रोम नव्हता. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत लागणारी जड सॉफ्टवेअर मूळ रूपात तिथे मिळत नव्हती. नेहमीच्या विंडोजकडे जाण्याची वाट सुरुवातीला ठरावीक मुदतीपुरती फुकट ठेवली होती, म्हणजे कंपनीलाही या अडचणीची कल्पना होती. २०१८ मध्ये ‘एस’ ही वेगळी विंडोज न राहता नुसता एक मोड झाली आणि पुढचा सरफेस लॅपटॉप साध्या विंडोज होमसह आला.

खरी परीक्षा झाली ती लॅपटॉप उघडल्यावर. उपकरणं उलगडून ती दुरुस्त करता येतात का हे तपासणाऱ्या ‘आयफिक्सइट’ या अमेरिकी संस्थेने जून २०१७ मध्ये, विक्री सुरू झाल्याबरोबर, सरफेस उघडायला घेतला. बाहेरून एकही स्क्रू दिसत नव्हता. आत शिरायला एकच वाट होती: ते मऊ कापड कीबोर्डभोवतीच्या गोंदापासून ओरबाडून काढायचं. एकदा काढलं की ते पुन्हा पहिल्यासारखं बसत नाही. त्याखाली पुन्हा चिकटवलेले भाग आणि बॅटरीही चिकटवलेलीच. गुण मिळाले १० पैकी ०. दुसरीकडे मॅकबुक एअरच्या तळाचे दहा स्क्रू काढले की बॅटरी समोर येते. स्क्रूंची डोकी वेगळ्या घाटाची असली तरी त्यांचा पेचकस विकत मिळतो. डेलच्या एक्सपीएस १३ मध्येही बॅटरी स्क्रूंनी बसवलेली होती आणि साठवणीची एसएसडी बदलता येत होती, रॅम मात्र सोल्डर केलेली. त्याचा कॅमेरा पडद्याच्या खालच्या कडेला होता. व्हिडिओवरच्या वर्गात समोरच्याला विद्यार्थ्याची हनुवटी आधी दिसे. लेनोव्होचा थिंकपॅड टी४७० या सर्वांत अनाकर्षक, काळा आणि वजनाने दीड किलोच्या पुढचा. पण त्याच्या मागची बॅटरी खटका सरकवला की हातात येते आणि आत रॅमचे दोन स्लॉट आहेत. दुकानाच्या काचेत ठेवला तर तो चौघांत शेवटचा ठरेल. चौथ्या वर्षाच्या कसोटीवर मी त्याला पहिला नंबर देईन.

यावर पहिला आक्षेप असा येतो की चांगली वस्तू बिघडतच नाही, मग दुरुस्तीचा विचार कशाला? बिघाड बाजूला ठेवला तरी बॅटरी झिजतेच. लिथियम-आयन बॅटरी प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडी थोडी क्षमता गमावते. ॲपलने मॅकबुक एअरच्या बॅटरीसाठी १००० पूर्ण चक्रांचा आकडा दिला आहे. वर्गात दिवसभर वापरून रोज एक चक्र होत असेल तर हिशेब पावणेतीन वर्षांत संपतो, म्हणजे नेमका तिसऱ्या वर्षात. त्यानंतर एअरचा मालक नवी बॅटरी बसवू शकतो. सरफेसच्या मालकापुढे गोंद आहे. बिघाडाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकसंस्थेने ऑगस्ट २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या लॅपटॉपची शिफारस काढून घेतली होती. ग्राहकांच्या पाहणीवरून दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस साधारण चारातल्या एकात काही ना काही बिघाड होईल, असा तिचा अंदाज होता. मायक्रोसॉफ्टने तो मान्य केला नाही, आणि नव्या पाहणीनंतर २०१८ मध्ये संस्थेने शिफारस पुन्हा दिली, हेही इथे सांगायला हवं. पण शंका खरी असो की खोटी, दुरुस्तीची वाट बंद असली की तिचा सगळा भार विकत घेणाऱ्यावर येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पातळ आणि हलकं हवं असेल तर गोंद लावावाच लागतो. याचं उत्तर मायक्रोसॉफ्टनेच दिलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये सरफेस लॅपटॉप ३ जाहीर करताना कंपनीचे पॅनोस पनाय यांनी मंचावर त्याचा कीबोर्डाचा भाग वरच्या वर उचलून दाखवला. त्या पिढीला आयफिक्सइटने ५ गुण दिले आणि २०२४ च्या सातव्या पिढीला ८. लॅपटॉप पातळच राहिला, गोंद कमी झाला. २०१७ साली ते अशक्य होतं असं मानायला मला काही कारण दिसत नाही. त्या वेळी ते कुणी मनावर घेतलं नव्हतं.

तिसरा आक्षेप असा की पुढचं कुणाला ठाऊक असतं? इथे थोडं मान्य करावं लागेल. ऑक्टोबर २०२१ मध्ये विंडोज ११ आली आणि इंटेलचे मोजके अपवाद सोडता तिने आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर नाकारले. सरफेस लॅपटॉपमध्ये सातव्या पिढीचा प्रोसेसर होता, म्हणजे कंपनीच्याच नव्या विंडोजने कंपनीच्याच चार वर्षांपूर्वीच्या विद्यार्थी-लॅपटॉपला दार बंद केलं. इंटेलने आठवी पिढी जाहीर केली ती ऑगस्ट २०१७ मध्ये, सरफेस विक्रीला आल्यावर अवघ्या दोन महिन्यांनी. हे जूनमध्ये कुणालाही सांगता आलं नसतं. तरीही विंडोज १० ला नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंत मिळत राहिला. मॅकबुक एअरला शेवटचा मोठा बदल २०२१ च्या ‘मॉन्टेरी’ या मॅकओएस आवृत्तीचा मिळाला, म्हणजे या एका बाबतीत सरफेस पुढे होता. आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच. सॉफ्टवेअर आठ वर्षं सोबत करायला तयार होतं, पण ४ जीबी रॅम आणि चिकटवलेली बॅटरी तितकी वर्षं साथ देणारी नव्हती. ९९९ डॉलरचा लॅपटॉप चार वर्षं चालला तर वर्षाला २५० डॉलर पडतात, सहा वर्षं चालला तर सुमारे १६७. महागड्या वस्तूने ही दोन जादा वर्षं द्यायला हवीत. नाही तर आपण नुसत्या रूपाचे पैसे मोजत असतो.

आपल्याकडे तर लॅपटॉप एका पदवीवर थांबत नाही. थोरल्याचा धाकट्याकडे जातो. बॅटरी बदलून, रॅम वाढवून जुन्या लॅपटॉपला नवं आयुष्य देणारे कारागीर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानोदुकानी आहेत. त्यांचं कसब सोल्डर केलेल्या चिपपुढे आणि गोंदापुढे अडतं. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी तो किती दुरुस्त करता येतो याचे १० पैकी गुण छापावे लागतात. आपल्या दुकानांत असा आकडा लिहिलेला नसतो, म्हणून विचारायचं काम आपलं. यंदा घरात लॅपटॉप यायचा असेल तर आधी कॉलेजात चौकशी करा की चार वर्षांत कोणती सॉफ्टवेअर लागणार आणि ती मॅकवर चालतात का. मग दुकानात विचारा: रॅम वाढवता येते का? एसएसडी बदलता येते का? वॉरंटी संपल्यावर नवी बॅटरी कितीला, आणि ती याच शहरात बसवून मिळेल का? रॅम वाढत नसेल तर सुरुवातीलाच १६ जीबी घ्या. ॲपलनेही ऑक्टोबर २०२४ पासून मॅकबुक एअरची सुरुवात १६ जीबीवर आणली आहे. आणि बॅटरीच्या किमतीचं उत्तर तोंडी न घेता कोटेशनवर लिहून मागा.