विकत घेतलेली अंकीय कला आणि पुनर्निर्मितीची मौलिकता

प्रास्ताविक :
तयार चित्रे, नक्षी, पोत अशी अंकीय सामग्री विकत घेऊन तिच्यापासून नवी रचना सिद्ध करण्याची पद्धत उपयोजित कलेत आज रूढ झाली आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतही ती आढळते. अशा रचनेस गुण देताना किंवा तिच्याखाली विद्यार्थ्याचे नाव छापताना 'ही निर्मिती कोणाची?' असा प्रश्न अध्यापकासमोर उभा राहतो. प्रस्तुत लेखात प्रताधिकार अधिनियम, १९५७ व काही न्यायनिर्णय यांच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

खरेदी कशाची होते? :
अंकीय चित्र विकत घेणाऱ्यास सामान्यतः ठरावीक वापराचा परवाना मिळतो. प्रताधिकार मूळ कलावंताकडेच राहतो. त्याचे अभिहस्तांकन लेखीच असावे लागते (कलम १९). चित्राची फेरमांडणी अथवा त्यात बदल करून केलेला वापर अधिनियमाच्या व्याख्येनुसार 'रूपांतर' ठरतो आणि रूपांतराचा हक्कही प्रताधिकारधारकाचाच असतो (कलम १४). म्हणून परवान्यात फेरफाराची मुभा आहे किंवा कसे, हे प्रथम पाहावे लागते. अध्यापनाच्या ओघातील वापरास कलम ५२ काही सवलत देते. परंतु तीच रचना विक्रीस ठेवल्यास त्या सवलतीवर विसंबता येत नाही.

या संदर्भात अमेरिकेतील एक प्रकरण उद्बोधक आहे. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये टिपलेले गायक प्रिन्स यांचे छायाचित्र १९८४ मध्ये 'व्हॅनिटी फेअर'ने ४०० डॉलर देऊन एकदाच वापरण्यासाठी घेतले. अँडी वॉरहॉल यांनी मात्र त्यावरून १६ चित्रांची मालिका केली. वॉरहॉल यांच्या पश्चात, २०१६ मध्ये त्यांपैकी एक चित्र नियतकालिकाच्या मुखपृष्ठासाठी १०,००० डॉलरना दिले गेले. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निर्णय दिला. चित्रावर वॉरहॉल यांची शैली स्पष्ट होती. तथापि मूळ छायाचित्राचे व या वापराचे प्रयोजन मूलतः एकच असल्याने तेवढ्याने हा वापर न्याय्य ठरला नाही.

मौलिकतेचा निकष :
परवानगी असली तरी रचना आपली ठरतेच असे नाही. 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक' या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये केवळ श्रम व खर्च हा मौलिकतेचा आधार पुरेसा मानला नाही. कौशल्य, विवेक आणि किमान सर्जनशीलता आवश्यक मानली. न्यायनिर्णयांच्या संहितेतील किरकोळ दुरुस्त्यांना संरक्षण नाकारले गेले. परिच्छेदांची पाडणी व क्रमांकन यांस मात्र ते मिळाले, कारण त्यामागे मजकुराची जाण व निवड होती.

हा निकष दृश्यकलेस लावता येतो. समजा, विकत घेतलेल्या भित्तिचित्राचा रंग बदलून त्यावर महाविद्यालयाचे नाव घातले, तर ती किरकोळ दुरुस्तीच होय. परंतु भेगाळलेल्या जमिनीचा पोत, जुना नकाशा व रिकामी घागर हे तीन स्वतंत्र घटक निवडून त्यांच्या प्रमाणांतून व जोडणीतून दुष्काळाविषयीचे स्वतःचे भाष्य उभे केले, तर त्या निवडीत व मांडणीत मौलिकता येते. तेव्हाही हक्क त्या मांडणीपुरताच मिळतो. घागरीचे चित्र ज्याचे त्याचेच राहते.

कलावंताचे श्रेय :
कलम ५७ अन्वये कलावंतास श्रेयाचा, तसेच प्रतिष्ठेस बाधक अशा विद्रूपीकरणास प्रतिबंध करण्याचा अधिकार आहे. प्रताधिकार विकल्यावरही तो उरतो. विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाविषयी अमरनाथ सेहगल यांनी लढविलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा अधिकार मान्य केला.

निष्कर्ष :
'वापरण्यास मुभा आहे काय?' आणि 'यात माझे काय आहे?' हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर परवान्यात शोधावे, दुसऱ्याचे रचनेत. म्हणून प्रकल्पासोबत घटकांची यादी, परवान्याची प्रत आणि स्वतः केलेल्या निवडीचे व बदलांचे टिपण मागविणे इष्ट होय. गुण त्या टिपणातून व रचनेतून दिसणाऱ्या विचारास द्यावेत. असे केल्याने प्रामाणिक विद्यार्थ्यावरील संशय टळेल आणि मूळ कलावंताचे श्रेयही अबाधित राहील.