नव्या गाडीत सराव फक्त दीड दिवस! मग एफवनचे नवखे ड्रायव्हर शिकतात कसे?

16 मार्च 2025, मेलबर्न. फॉर्म्युला वन सीझनची पहिली रेस. ट्रॅक पावसाने ओला. रेसआधी सगळ्या गाड्या एक फेरी मारतात, तिला फॉर्मेशन लॅप म्हणतात. त्या फेरीतच 20 वर्षांच्या इसाक हाजारची गाडी घसरून आदळली. आयुष्यातली पहिली एफवन रेस सुरू होण्याआधीच संपली.

त्या वर्षी सहा जण पहिल्यांदाच पूर्ण सीझनसाठी टीममध्ये आले होते: मर्सिडीजमध्ये किमी अँटोनेली, हासमध्ये ऑलिव्हर बेअरमन, सॉबरमध्ये गॅब्रिएल बोर्टोलेटो, अल्पीनमध्ये जॅक डुहान, रेड बुलमध्ये लियाम लॉसन आणि रेसिंग बुल्समध्ये हाजार. मेलबर्नची रेस पूर्ण केली फक्त अँटोनेली आणि बेअरमनने.

म्हणजे बाकीचे कच्चे होते का? तसं नाही. त्यांची तयारी कशी होते, हे आधी समजून घेऊ.

सराव इतका कमी का?

क्रिकेटर रोज नेटमध्ये बॅटिंग करू शकतो. एफवनमध्ये तशी सोय नाही. खर्च कमी करण्यासाठी 2009 पासून सीझन चालू असताना टेस्टिंगवर कडक बंधनं आली. 2025 च्या सीझनआधी बहारीनमध्ये फक्त तीन दिवस टेस्टिंग झालं. प्रत्येक टीमला एकच गाडी, ड्रायव्हर दोन. म्हणजे एकाच्या वाट्याला दीड दिवस!

जुन्या गाड्या चालवायला मर्यादित परवानगी असते. अँटोनेलीने 2024 मध्ये मर्सिडीजच्या 2021 आणि 2022 च्या गाड्यांवर असाच सराव केला. (त्याआधी 2023 मध्ये तो 'मुंबई फाल्कन्स' या आपल्या टीमकडून खेळून फॉर्म्युला रीजनल मिडल ईस्ट चॅम्पियन झाला होता.) पण जुनी गाडी ती जुनीच. उरलेली कसर सिम्युलेटर भरून काढतो.

सिम्युलेटर काय शिकवतो?

हा तुमच्या मोबाईलवरच्या रेसिंग गेमचा मोठा भाऊ समजा, पण खूप वरच्या दर्जाचा. ट्रॅक लेझरने स्कॅन केलेला असतो, त्यामुळे छोटे उंचवटेसुद्धा त्यात येतात. कॉकपिट आणि स्टीअरिंग खऱ्या गाडीसारखं. कुठल्या वळणाला कुठे ब्रेक दाबायचा, गाडी चालवता चालवता कुठलं बटण फिरवायचं, हे इथे हाताला सवयीचं होतं. आपटलात तरी रीसेट करून पुन्हा सुरू.

डेटा चूक कशी पकडतो?

गाडीवर सुमारे 300 सेन्सर असतात. स्पीड, ब्रेक, थ्रॉटल, स्टीअरिंग, सगळ्याची नोंद होते. यालाच टेलीमेट्री म्हणतात. इंजिनिअर नवख्याचा आणि अनुभवी जोडीदाराचा ग्राफ एकावर एक ठेवतात. गंमत अशी की आडव्या अक्षावर वेळ नसते, ट्रॅकवरचं अंतर असतं. कारण दोघं एकाच जागी काय करत होते, हे पाहायचं असतं.

ताशी 300 किमी वेगात गाडी सेकंदाला 83 मीटर जाते. ब्रेक 0.1 सेकंद लवकर दाबला तर 8 मीटर आधीच वेग कमी व्हायला लागतो. ग्राफमध्ये हे लगेच दिसतं.

मग गाडं अडतं कुठे?

जोरात ब्रेक दाबला की शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 5 पट जोर येतो. सिम्युलेटर थोडासाच हलू शकतो. तो सुरुवातीचा झटका देतो, पण तो जोर टिकवून ठेवू शकत नाही. दुसरं म्हणजे, टायरची पकड तिथे गणिताने काढलेली असते. ओल्या ट्रॅकवर मात्र ती पावलोपावली बदलते. शिवाय आपटण्याची भीती कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसते. ग्राफ सांगतो की वेळ कुठे गेला. पण ओल्या वळणावर किती धाडस करायचं, हे ट्रॅकवरच कळतं. त्या दिवशी फर्नांडो अलोन्सो आणि कार्लोस साइन्झसारखे मुरलेले ड्रायव्हरही आपटले. उलट 18 वर्षांचा अँटोनेली 16 व्या नंबरवरून सुरू करून चौथा आला.

आणि ट्रॅकवर शिकायला वेळ तरी किती मिळतो? लॉसनला रेड बुलने दोनच रेसनंतर रेसिंग बुल्समध्ये परत पाठवलं. डुहानची जागा सहा रेसनंतर गेली. हाजारला मात्र वेळ मिळाला. 31 ऑगस्टला नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला तो तिसरा आला आणि 2026 साठी रेड बुलने त्याला मुख्य टीममध्ये घेतलं.

तुम्हीही करून बघा

पायथन थोडंफार येत असेल तर 'फास्टएफवन' ही फुकट लायब्ररी घ्या. एकाच टीमच्या दोन ड्रायव्हरच्या सर्वात वेगवान लॅप निवडा आणि अंतराप्रमाणे स्पीडचा ग्राफ काढा. नवखा कुठे मागे पडतोय, ते तुम्हालाच दिसेल. पुढच्या वेळी कोणी आपटला की "याला गाडी चालवता येत नाही" असं कमेंटमध्ये लिहिण्याआधी तो ग्राफ एकदा बघाच.