आरोपीचे हक्क व न्यायालयाचे तीन निवाडे

एखाद्यास पोलीस धरून नेऊं लागले कीं, पाहणारे लोक त्यास तत्काळ चोर ठरवून मोकळे होतात. कायदा इतका उतावळा नाहीं. ज्यावर आरोप आहे तो आरोपी. त्यास गुन्हेगार ठरविणें हें न्यायालयाचें काम. हा भेद विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या ध्यानीं यावा, म्हणून तीन निवाडे येथें थोडक्यांत देतों.

२६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलेल्या राज्यघटनेचें २२ वें कलम सांगतें कीं, अटक झालेल्यास अटकेचें कारण कळवावें, वकिलाचा सल्ला घेऊं द्यावा व, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आंत मॅजिस्ट्रेटपुढें उभें करावें. पण ज्याजवळ पैसाच नाहीं, त्यानें वकील आणावा कोठून?

याचें उत्तर १९७८ सालीं ‘होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यांत मिळालें. निकालाची प्रत आपल्या हातीं पडलीच नाहीं, म्हणून अपिलास चार वर्षें उशीर झाला, असें त्या कैद्याचें म्हणणें होतें. सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्ज फेटाळला, परंतु न्या. कृष्ण अय्यर यांनीं ठरविलें कीं, कैद्यास निकालाची प्रत विनामूल्य द्यावी आणि तो गरीब असल्यास अपिलाकरितां सरकारनें वकीलहि द्यावा.

पुढें पत्रकार शीला बारसे यांनीं मुंबईच्या तुरुंगांतील पंधरा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. पांच जणींनीं पोलीस कोठडींत मारहाण झाल्याचें सांगितलें. बाईंनीं लिहिलेलें पत्र सर्वोच्च न्यायालयानें अर्ज म्हणून दाखल करून घेतलें. १९८३ सालीं आज्ञा झाली कीं, स्त्रियांस वेगळ्या कोठडींत स्त्री-शिपायांच्या पहाऱ्यांत ठेवावें, आरोपीच्या आप्तास अटकेची खबर द्यावी, आणि कोठडींत छळ झाला काय, हें मॅजिस्ट्रेटनें आरोपीस विचारावें.

तिसरा निवाडा अजमल कसाबचा. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याबद्दल त्याची फांशी २९ ऑगस्ट २०१२ रोजीं कायम झाली. त्याच निकालांत असेंहि ठरलें कीं, आरोपीस प्रथम हजर करतांच मॅजिस्ट्रेटनें त्यास वकिलाचा हक्क समजावून द्यावा, व ऐपत नसल्यास सरकारी खर्चानें वकील मिळेल हें सांगावें.

कोणी विचारील, अशा क्रूर मनुष्यास वकील कशाला? दुष्टास वकील नको असें एकदां ठरलें, तर दुष्ट कोण हें पकडणाराच ठरवील; मग निरपराध्यास आपलें म्हणणें मांडावयास जागा उरणार नाहीं.

दहिवलीच्या आसपासच्या वाड्यांवर मोलमजुरी करणाऱ्यांस वकिलाची फी परवडण्यासारखी नसते. १९८७ च्या कायद्यानें तालुका विधि सेवा समितीची सोय केली आहे. कोठडींतील माणसें, स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांस तिच्यामार्फत विनामूल्य वकील मिळतो. ज्यांस वाचतां येतें त्यांनीं एवढें आपल्या शेजाऱ्यांस अवश्य सांगावें.