काळ्या जमिनीतील वाहनचालन

पावसाने भिजलेल्या काळ्या (रेगूर) जमिनीवरून वाहन सुरक्षित नेण्याची पद्धती व त्यासाठी करावयाची टायरांची निवड. परभणी जिल्ह्यात गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत ही जमीन विपुल आहे. तिच्यातील स्मेक्टाइट गटाची मृत्तिका-खनिजे पाणी शोषून फुगतात. चिकट चिखल टायरच्या खाचांत भरतो आणि नवा टायरही झिजल्यासारखा घसरतो. त्यामुळे खाचा नुसत्या खोल असून भागत नाही, त्या रुंदही लागतात. रुंद खाचांतील चिखल चाक फिरताना बाहेर फेकला जातो. हिमप्रदेशातील टायरांचे रबर थंडीतही मऊ राहील असे बनवितात. येथे त्या गुणाचा उपयोग नाही. ट्रॅक्टरच्या मागील टायरांवरील तिरकस, उंच कंगोरे जमिनीत रुतून ओढ देतात. पुढील टायरांवरील परिघाला समांतर कंगोऱ्यांमुळे दिशा सांभाळता येते.

रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागील चाकांना ओंडका बांधून तो बाहेर काढणे अत्यंत घातक होय. चाके अडली की एंजिनाच्या जोराने पुढील भाग उचलला जातो व ट्रॅक्टर क्षणार्धात चालकावर उलटतो. त्याऐवजी ट्रॉली सोडवून उलट गियरमध्ये मागे यावे, अथवा दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्यावे. चाकांबरोबर डांबरी रस्त्यावर आलेला चिखल दुचाकीस्वारांना विशेष धोक्याचा असतो. तो लगेच खरवडून काढणे इष्ट असते.