सेरामाइडयुक्त मॉइश्चरायझर आणि त्वचेच्या आवरणाची दुरुस्ती

प्रस्तावना
महाराष्ट्रातून शिक्षणासाठी दिल्ली, नोएडा किंवा गुरुग्रामला गेलेल्या अनेकांची त्वचा पहिल्याच हिवाळ्यात कोरडी पडते, खाजते, गालांची आग होते. बाहेर दाट धुके असताना हवा कोरडी कशी? ८ अंश सेल्सिअस तापमानाची संपृक्त हवा खोलीत हीटरने २२ अंशांपर्यंत तापवली, की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ४० टक्क्यांवर येते. त्यात कढत पाण्याची आंघोळ आणि साबण यांची भर पडते.

आवरणाची रचना
त्वचेच्या सर्वांत बाहेरच्या थराला शृंगस्तर म्हणतात. तो विटांच्या भिंतीसारखा असतो. केरॅटिनने भरलेल्या मृत पेशी या विटा, तर त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ हे सिमेंट. या सिमेंटमध्ये वजनाने सुमारे निम्मे सेरामाइड, एक चतुर्थांश कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात मुख्यतः मुक्त मेदाम्ले असतात.

बिघाड कसा होतो?
१. कढत पाणी व साबण हे स्निग्ध पदार्थ धुऊन नेतात.
२. निरोगी त्वचेचा सामू ५ च्या आसपास, म्हणजे आम्लधर्मी असतो. साबणाच्या वडीचा बहुधा ९ ते १०. सेरामाइड तयार करणारी विकरे आम्लधर्मी स्थितीत चांगली चालतात, त्यामुळे दुरुस्ती मंदावते.
३. भेगांतून पाणी उडून जाते, क्षोभक पदार्थ आत शिरतात आणि दाह होतो. दाहामुळे आवरण आणखी बिघडते.

मॉइश्चरायझर काय करते?
पेट्रोलियम जेली पाणी उडू देत नाही आणि ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. हा परिणाम लगेच दिसतो. बाहेरून लावलेले सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले मात्र शृंगस्तराखालच्या जिवंत पेशींपर्यंत पोहोचतात, तेथे तयार होणाऱ्या स्निग्ध पदार्थांत मिसळतात आणि पुन्हा पेशींमधल्या जागेत भरले जातात. प्रयोगांत तिन्ही घटक योग्य प्रमाणात असता दुरुस्ती वेगाने झाली. एखादाच घटक लावल्यास ती उलट लांबली. म्हणून वेष्टनावर केवळ ‘सेरामाइड’ हा शब्द असणे पुरेसे नाही. घटकांची पूर्ण यादी वाचावी.

वापर
कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ करावी, साबणाऐवजी सौम्य क्लेन्झर वापरावा आणि अंग टिपून ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. फरक दिसण्यास काही आठवडे लागू शकतात.

सावधानता
लाली लवकर जावी म्हणून दुकानातून स्टेरॉइडयुक्त क्रीम आणून लावणे धोक्याचे आहे. स्टेरॉइड दाह दाबते, पण त्वचेत स्निग्ध पदार्थ तयार होणेही कमी करते. दीर्घ वापराने त्वचा पातळ होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक क्रीम अनुसूची ‘एच’मध्ये आणली, ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. त्वचेतून पाणी वाहत असेल, पू झाला असेल किंवा खाजेने झोप लागत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

सारांश
मॉइश्चरायझर दुरुस्तीचे साहित्य पुरवते. दुरुस्ती त्वचाच करते. भिंत रोज धुऊन निघत असेल, तर नवे सिमेंट टिकणार नाही.

स्वाध्याय
धुक्याच्या दिवशीही हीटर लावलेल्या खोलीत त्वचा कोरडी का पडते, ते स्पष्ट करा.