टाकीत स्पिरिट किती? मापाची गोष्ट



मागच्या वार्षिक सभेनंतर मंडपाबाहेर चहा घेताना एका जुन्या सभासदांनी आम्हाला अडवलं. म्हणाले, "काय हो, टाकीत स्पिरिट एवढं लिहिलं होतं, आठवड्यानं बघावं तर कमी! मधलं कोण प्यालं?" सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ऊस आपला, मळी आपली, मळीतून निघणारा मद्यार्कही आपलाच. तेव्हा त्याचा हिशेब मागण्याचा हक्क सभासदाला आहे. म्हणून या अंकात आसवनीतील मापाविषयी थोडे सविस्तर लिहीत आहोत.

ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल किती आहे, हे आपण काठी बुडवून बघतो. स्पिरिटच्या टाकीलाही मूळ रीत तीच. पितळी लंबक लावलेली पोलादी टेप वरच्या तोंडातून खाली सोडायची आणि ओल कुठवर आली ते वाचायचे. लंबक पितळी अशासाठी की, लोखंडावर लोखंड आपटले तर ठिणगी उडते. पण इथे एक बोट चुकले तरी महागात पडते. १० मीटर व्यासाच्या टाकीत १ सेंटिमीटर उंची म्हणजे सुमारे ७८५ लिटर!

आता त्या 'कमी झालेल्या' स्पिरिटकडे वळू. मद्यार्क उष्णतेने पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतो. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की दर हजार लिटरमागे तो साधारण १.१ लिटर वाढतो, आणि उतरले की तेवढाच आकसतो. समजा, ५ लाख लिटर माल ३५ अंशांवर मोजला आणि नंतर तो २८ अंशांपर्यंत निवला. माप जवळजवळ ३,८५० लिटरने कमी भरेल. थेंबही बाहेर गेलेला नसेल! म्हणून नुसती उंची लिहून भागत नाही. त्याच वेळी तापमान व तीव्रता घ्यायची आणि ठरवून दिलेल्या एकाच तापमानावर हिशेब आणायचा, हाच खरा नियम. वाफ होऊन उडणारी खरी घट वेगळी. ती या हिशेबानंतर उरते, आणि तिच्याबद्दल जाब विचारलाच पाहिजे.

मग यंत्र बसवले की झाले? तसेही नाही. काचेची नळी डोळ्यांना दिसते, पण फुटली तर स्पिरिट बाहेर. तरंगता गोळा पातळीबरोबर वर-खाली होतो, पण तो कधी अडकून बसतो. तळाशी दाब मोजणारे यंत्र द्रवाच्या वजनावरून उंची सांगते. पाण्यावर जुळवलेले असे यंत्र स्पिरिटला लावले तर १ मीटर भरलेला माल ते ८० सेंटिमीटरच दाखवील, कारण स्पिरिट पाण्यापेक्षा हलके. टाकी बंद असेल तर वर साठलेल्या वाफेचा दाबही त्यातून वजा करावा लागतो. रडार यंत्र वरून लहरी सोडून त्या परत यायला किती वेळ लागला ते मोजते. द्रवाला ते शिवत नाही, म्हणून त्याचा वापर वाढला. पण तेही तपासत राहावेच लागते.

न तपासल्यास काय होते, ते इंग्लंडातील बन्सफिल्ड येथे दिसले. लंडनच्या उत्तरेस असलेल्या या इंधन-साठ्यात १० डिसेंबर २००५ च्या संध्याकाळी एका टाकीत पेट्रोल भरायला सुरुवात झाली. पहाटे तीनच्या सुमारास मापयंत्राचा आकडा जागेवरच थांबला. पेट्रोल मात्र येतच होते. टाकी भरली की पुरवठा तोडणारी दुसरी स्वतंत्र कळ होती, पण तिची तरफ जागी धरणारे कुलूपच लावलेले नव्हते, त्यामुळे ती चाललीच नाही. टाकी उतू गेली, वाफेचा ढग पसरला आणि सकाळी सहाच्या सुमारास प्रचंड स्फोट झाला. चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली. रविवारची पहाट होती, म्हणून प्राणहानी टळली. तेच मापयंत्र आधीच्या काही महिन्यांत अनेकदा अडकले होते, हे चौकशीत निघाले. अडकलेलं यंत्र हलवून चालू करायचं आणि पुढं जायचं, ही सवयच नडली.

आपल्या मद्यार्काचेही तसेच आहे. शुद्ध मद्यार्काची वाफ सुमारे १३ अंश सेल्सिअसपासूनच ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडे जवळपास बारा महिने. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकते. हवेत तिचे प्रमाण साधारण ३.३ ते १९ टक्क्यांच्या दरम्यान असले की स्फोट होऊ शकतो. म्हणून भरणी संपल्याबरोबर लगेच टेप सोडत नाहीत. प्रवाहाने साठलेली वीज निवू देतात, टाकी जमिनीशी तारेने जोडलेली असते, आणि बिडी-काडी व मोबाईल दाराबाहेरच राहतात. पाहुणे आले म्हणून या नियमाला सूट नाही. सभासदालाही नाही अन् संचालकालाही नाही!

तेव्हा पुढच्या सभेत "किती लिटर?" एवढेच विचारू नका. "कोणत्या तापमानाला मोजलं? हाताचं माप आणि यंत्राचं माप जुळलं का? धोक्याची कळ शेवटची कधी चालवून पाहिली?" हेही विचारा. वजनकाट्यावर गाडी चढली की आपण काट्याकडे डोळे लावून बसतो ना? तोच डोळा आसवनीच्या टाकीवरही असू द्या. त्यात आपला पैसा आहे, आणि रात्रपाळीला तिथे उभी असलेली आपलीच पोरं आहेत.